रेशमी कापडाची नक्षी ईस्टरच्या अंड्यावर उतरवताना : क्रम, प्रमाण आणि नेहमीच्या चुका

नक्षीदार रेशमी कापडात अंडं घट्ट बांधून व्हिनेगरच्या पाण्यात उकळलं की कापडावरची नक्षी टरफलावर उतरते. कृती ऐकायला इतकी सोपी आहे की बहुतेक जण थेट पातेलं गॅसवर चढवतात. मग अर्ध्या तासाने हातात कोरं पांढरं अंडं येतं, नाहीतर मातकट डागांचं. चूक उकळण्यात क्वचितच असते. ती आधीच होऊन गेलेली असते, कापड निवडताना आणि बांधताना. म्हणून या लेखात गॅस पेटवायची पाळी बरीच उशिरा येते.

कामाची विभागणीही तशीच करा. कापड शोधणं आणि तपासणं पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आसपास उरका, अंडी शुक्रवारी किंवा शनिवारी आणा आणि शनिवारी सकाळी रंगवा. ईस्टरच्या आदल्या रात्री कापड शोधायला बसलात तर हाताला लागेल ते बहुधा पॉलिस्टर असेल.

आधी एक गोष्ट ठरवा : ही अंडी खायची नाहीत

कापडाचे रंग खाण्याच्या प्रतीचे नसतात. टरफलाला सूक्ष्म छिद्रं असतात, उकळताना एखाद्या अंड्याला तडाही जातो आणि रंगाचं पाणी आत शिरतं. त्यामुळे ही अंडी टोपलीत, टेबलावर, सजावटीतच राहतील. ज्या पातेल्यात हे उकळाल ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. जुनं स्टीलचं पातेलं आणि एक झारा या कामासाठी वेगळा काढून ठेवा.

नाशिकमधल्या शरणपूरच्या किंवा नाशिकरोडच्या चर्चमध्ये ईस्टरच्या सकाळी मुलांच्या हातात अंडी द्यायची असतील, तर मुलं ती सोलून खाणारच. अशा वाटपासाठी कांद्याच्या सालींचा रंग घ्या. नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या सालींची ददात नाही. आठ-दहा लाल कांद्यांच्या कोरड्या साली स्वच्छ धुऊन १ लिटर पाण्यात २० मिनिटं उकळा, पाणी गाळून गार करा, त्यात २ मोठे चमचे व्हिनेगर घाला आणि त्यातच अंडी उकडा. गडद तांबूस तपकिरी रंग येतो. नक्षी हवी असेल तर कोथिंबिरीचं किंवा मेथीचं पान ओलं करून टरफलावर चिकटवा आणि वरून मलमलीचा तुकडा घट्ट बांधा. पानाच्या जागी फिकट ठसा राहतो. यासाठी भांडं मात्र स्वयंपाकाचंच घ्या, रेशमाचं नको.

१. कापड : खरं रेशीम, तेही रंग सोडणारं

दोन अटी आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. कापड शंभर टक्के रेशीम हवं आणि त्यावरची नक्षी विणलेली नको, छापलेली हवी.

रेशीमच का? रेशीम हे प्रथिन आहे. त्यावर सहसा अ‍ॅसिड डाय वापरतात, म्हणजे आम्लाच्या गरम पाण्यात प्रथिनाला धरणारे रंग. अंड्याच्या टरफलावरही प्रथिनाचा अगदी पातळ थर असतो. उकळत्या आंबट पाण्यात रेशमातला थोडा रंग सुटतो आणि शेजारच्या त्या थराला जाऊन बसतो. पॉलिस्टरचा रंग वेगळ्या जातीचा असतो, तो असा सुटत नाही. सुती कापडाचा रंग सुटला तरी टरफलावर नीट बसत नाही, नुसते डाग पडतात.

बाजारात ‘आर्ट सिल्क’, ‘सेमी सिल्क’ या नावाने जे मिळतं ते रेशीम नव्हे. आर्ट म्हणजे आर्टिफिशियल. नव्या कापडावर ‘सिल्क मार्क’चं, म्हणजे शुद्ध रेशमाच्या खुणेचं, लेबल असेल तर शंका उरत नाही. जुन्या कापडाची खात्री जाळून करा. कडेचे चार-पाच धागे उपटा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवा.

रेशीम : हळू जळतं, केस जळाल्यासारखा वास येतो, काळी राख बोटांनी सहज चुरडते.
पॉलिस्टर : वितळतं, काळा धूर येतो, टोकाला कडक मणी उरतो.
रेयॉन किंवा सुती : कागदासारखं भराभर जळतं, कागद जळल्याचाच वास येतो.

उभा आणि आडवा असे दोन्ही धागे जाळून पाहा. एका दिशेला रेशीम आणि दुसऱ्या दिशेला पॉलिस्टर अशी कापडं भरपूर असतात आणि लोक नेमके तिथेच फसतात.

कापड कुठून आणायचं? सगळ्यात खात्रीचा माल म्हणजे जुने छापील रेशमी टाय. आतल्या पट्टीवर शंभर टक्के सिल्क लिहिलेलं असलं की झालं. त्याखालोखाल रेशमी स्कार्फ, फाटलेल्या छापील सिल्क साड्या आणि शिंप्याकडची ब्लाउजची कातरणं. नाशकात मेन रोड किंवा शालिमारच्या बाजूला ज्या शिंप्यांकडे ब्लाउजचं काम जास्त असतं, त्यांच्याकडे कातरणांचं पोतं पडलेलं असतंच. मूठभर मागून घ्या आणि घरी एकेक जाळून बघा.

पैठणीचं काय, हा प्रश्न नाशकात हमखास येतो. येवल्याच्या पैठणीचा जुना तुकडा हाताशी असतो आणि मोह होतो. चालत नाही. तिची नक्षी विणीतून उठलेली असते, त्यामुळे टरफलावर मोर नाही, मोराच्या जागी धुरकट ढग उमटतो. काठ-पदरातली जरतार रंग तर देत नाहीच, उलट कापडाला ताठ करते, आणि ताठ कापड अंड्याच्या गोलाईला बिलगत नाही. शिवाय पैठणीला या कामासाठी कात्री लावायला हात तरी कसा धजावेल!

नक्षी निवडताना अंड्याचा आकार डोळ्यांसमोर ठेवा. साडीवर शोभणारं वीतभर फूल अंड्यावर एक पाकळी होऊन बसतं. एक-दोन सेंटिमीटरची बुट्टी, ठिपके, बारीक वेल, लहान चौकडी यांचा ठसा नीट कळतो. गडद निळा, मरून, जांभळा हे चांगले उतरतात. फिकट गुलाबी, अबोली जवळजवळ दिसत नाहीत. काळ्यावर विसंबू नका. काळा रंग बहुधा दोन-तीन रंग मिसळून केलेला असतो आणि अंड्यावर कधी जांभळट, कधी हिरवट उतरतो.

तपासा : कापड उलटं करा. नक्षी मागूनही जवळजवळ तितकीच गडद दिसत असेल तर रंग धाग्यात मुरलेला आहे, कापड घ्या. मागची बाजू पांढुरकी आणि पुढून हाताला थोडा थर लागत असेल तर तो पिगमेंटचा, म्हणजे कापडावर वरवर चिकटवलेल्या रंगाचा, छापा आहे. तो सुटणार नाही.

२. टरफलाच्या तुकड्यावर चाचणी

ही पायरी सगळेच गाळतात, आणि सगळ्यात जास्त अंडी हीच वाचवते. ऑम्लेटच्या अंड्याचं टरफल फेकू नका. आतून धुऊन त्याचे रुपयाच्या नाण्याएवढे तुकडे करा. प्रत्येक कापडाचा चार सेंटिमीटरचा चौकोन कापा, छापील बाजू टरफलाच्या बाहेरच्या अंगाला लावा आणि दोऱ्याने करकचून बांधा. वाटीभर पाण्यात दोन छोटे चमचे व्हिनेगर घालून १५ मिनिटं उकळा. गार झाल्यावर सोडा.

एका वेळी एकाच कापडाची चाचणी घ्या. पाच कापडं एका पातेल्यात टाकली तर सगळ्यांचा रंग पाण्यात मिसळतो आणि कुणी काय दिलं ते कळत नाही.

तुकड्यावर नक्षीची कड स्पष्ट दिसली तर ते कापड पास. रंग आला पण नक्षी नाही, तर एकदा जास्त घट्ट बांधून पुन्हा पाहा. काहीच आलं नाही तर ते कापड बाजूला टाका. जास्त व्हिनेगर घालून त्यातून रंग काढायचा हट्ट करू नका.

३. अंडी : पांढरी, ताजी, बिनतड्याची

दुकानातली साधी पांढरी अंडी घ्या. गावरान अंड्याचं टरफल तपकिरी असतं, त्यावर निळा मातकट होतो आणि पिवळा दिसतच नाही. मरून किंवा गडद जांभळ्या कापडासाठी मात्र गावरान अंडं मुद्दाम घ्यायला हरकत नाही, जुन्या लाकडावरच्या कामासारखं दिसतं.

फ्रिजमधली अंडी तासभर आधी बाहेर काढून ठेवा. थंड अंडं तापायला लागलं की तडकतं. अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून फिरवा, केसाएवढी चीरही उजेडात चमकते. असं अंडं ऑम्लेटला द्या.

मग धुवा. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, कोमट पाणी, मऊ कापड. बोटांचं तेल जिथे राहतं तिथे रंग बसत नाही आणि अंड्यावर अंगठ्याचा पांढरा ठसा उमटतो. पण तारेच्या घासणीने खरवडू नका, व्हिनेगरमध्ये भिजतही ठेवू नका. रंग धरणारा तो पातळ थरच त्याने निघून जातो आणि मग रंग ठिगळाठिगळांनी येतो. कंपनीचा शिक्का असेल तर फक्त त्या जागेवर व्हिनेगरचा बोळा फिरवून लगेच धुऊन टाका. धुतल्यावर अंड्याला कडेनेच धरायचं. सकाळी तेल लावलेल्या डोक्यावरून हात फिरवून तोच हात अंड्याला लावला तर धुण्यावर पाणी पडलं.

पोकळ अंडी : सजावट वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर आतलं काढावं लागतं. दोन्ही टोकांना जाड सुईने भोक पाडा, रुंद टोकाचं थोडं मोठं. सुईने आतला बलक मोडा, बिनसुईच्या सिरिंजने निमुळत्या टोकातून हवा ढकला, आतलं खालून वाटीत पडतं. पाण्याने दोनदा आतून धुवा. पोकळ अंडं बांधताना फुटण्याची शक्यता मोठी असते, म्हणून पहिल्या खेपेला भरलेल्या अंड्यांवरच हात बसवा.

४. कापणं : तिरपं कापा

मध्यम अंड्याला रुंदीकडून साधारण १४ सेंटिमीटर घेर असतो, लांबीकडून १६ च्या आसपास. त्यासाठी १८ सेंटिमीटरचा चौकोन पुरतो. रेशमावर बांधायला जुन्या पांढऱ्या सुती कापडाचा २० सेंटिमीटरचा चौकोन लागतो. धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर, पंचा किंवा मलमल घ्या. नव्या कापडात खळ असते, ती पाण्यात उतरते.

रेशीम विणीच्या सरळ रेषेत कापू नका, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरपं कापा. तिरपं कापड ताणतं आणि गोलाईवर चुण्या न पडता बसतं. टायचं कापड या कामाला इतकं उत्तम का, त्याचं एक कारण हेच. टाय मुळात तिरपाच कापलेला असतो. टाय वापरताना मागची शिवण उसवून आतलं जाड अस्तर काढून टाका आणि कापड पसरून घ्या.

इस्त्री करायची असेल तर आत्ता करा. घडीची रेघ राहिली तर ती अंड्यावर पांढरी उमटते.

५. बांधणी : सगळा खेळ इथे

जिथे रेशीम टरफलाला टेकलं तिथेच रंग उतरतो. मध्ये हवेची फट राहिली की तिथे कोरं, आणि कापड सरकलं की दुहेरी नक्षी. बांधायला प्रत्येक अंड्याला पाच-सात मिनिटं द्या.

क्रम असा :

अ. रेशमाचा चौकोन पाण्यात बुडवून पिळून घ्या. ओलं रेशीम टरफलाला चिकटतं, कोरडं घसरतं.

आ. ताटावर पसरा. छापील, जास्त उजळ बाजू वर. अंडं तिच्यावर बसणार आहे. उलटी बाजू लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि पोटली बांधल्यावर ती ओळखू येत नाही.

इ. अंडं मधोमध उभं धरा, निमुळतं टोक खाली. चारही कोपरे वर उचला आणि चुण्या रुंद टोकाकडे गोळा करा. तेच टोक खाली ठेवून अंडं टोपलीत बसेल, त्यामुळे चुण्यांच्या पांढऱ्या रेघा झाकल्या जातील.

ई. अंगठ्यांनी कापड निमुळत्या टोकाकडून वर ओढत ताणा. मधल्या पोटावर एकही सुरकुती दिसता कामा नये. वर पांढऱ्या सुती दोऱ्याचे आठ-दहा फेरे देऊन गाठ मारा. पूजेचा लाल-पिवळा दोरा नको, त्याचा रंग सुटतो. रबरबँड उकळताना सैल पडतो.

उ. आता ओला पांढरा सुती चौकोन त्यावर तसाच पण आणखी घट्ट बांधा. हा थर शोभेचा नाही. रेशमाला टरफलावर दाबून धरणं हेच त्याचं काम. वरून पोटावर दोऱ्याचे आडवे-उभे फेरे दिले तर दाब आणखी सारखा पडतो.

तपासा : बांधलेलं अंडं हातात धरून वरचं कापड बोटाने सरकवून बघा. सरकलं तर सोडा आणि परत बांधा. कापड आणि अंडं एकच वस्तू असल्यासारखं लागलं पाहिजे.

सावधान : पोकळ अंड्याला इतका जोर लावू नका. तिथे दोऱ्याऐवजी कापडावर जवळजवळ टाके घालून ते अंगाबरोबर शिवून घ्या.

६. उकळणं

स्टील किंवा एनॅमलचं पातेलं घ्या. अ‍ॅल्युमिनियम व्हिनेगरने काळवंडतं आणि लोखंडामुळे रंग मळतात. भांडी बाजारातलं तांब्या-पितळेचं पातेलं दिसायला कितीही देखणं असलं तरी तेही नको, आम्लात तांबं उतरतं.

सहा अंड्यांना २ लिटर पाणी आणि १२० मिलिलिटर साधं पांढरं व्हिनेगर, म्हणजे लिटरला ६० मिलिलिटर. वाण्याकडे मिळणाऱ्या बाटलीत चार-पाच टक्के आम्ल असतं, हे प्रमाण त्याच हिशेबाचं आहे. केमिकलच्या दुकानातलं तीव्र अ‍ॅसेटिक आम्ल वापरू नका. टरफल हे कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि व्हिनेगर ते विरघळवतं, अंड्यावर बारीक बुडबुडे दिसतात ते त्याचेच. थोडं व्हिनेगर रंग धरायला मदत करतं, जास्त झालं तर पृष्ठभागच खडूसारखा सुटतो आणि नक्षी त्याच्याबरोबर जाते. घरात बोअरचं जड पाणी येत असेल तर आरओ यंत्राचं घ्या. जड पाणी आम्लाचा काही भाग मारतं आणि टरफलावर पांढुरकं पुट धरतं.

एका पातेल्यात एकाच रंगसंगतीची अंडी. मरून आणि फिकट पिवळं एकत्र उकळलं की पिवळ्यावर गुलाबी झाक येणारच.

अंडी गार पाण्यातच ठेवा, वर चार बोटं पाणी असू द्या. मध्यम आचेवर उकळी येऊ द्या, दहा-बारा मिनिटं लागतात. उकळी फुटली की आच बारीक करा आणि झाकण ठेवून घड्याळ लावून २० मिनिटं ठेवा. कापड जुनं, फिकट असेल तर ३० पर्यंत. खळखळ उकळू देऊ नका, अंडी एकमेकांवर आपटतात. कुकरचा तर विचारही नको.

पोकळ अंडी तरंगतात. आधी ती पाण्यात बुडवून भोकातून आत पाणी भरू द्या आणि वरून स्टीलची ताटली उपडी ठेवा.

७. गार करणं आणि सोडणं

इथे घाई नडते. गरम अंडं सोडायला गेलात तर कापडातलं रंगाचं पाणी नक्षीवर पसरतं. गॅस बंद करून अंडी झाऱ्याने उचला आणि जाळीवर ठेवा. गार पाण्यात टाकू नका. पाऊण तास तसंच राहू द्या. वरचं कापड हाताला पूर्ण गार लागलं पाहिजे.

मग दोरा कात्रीने कापा, गाठ सोडवत बसू नका. सुती कापड काढा, नंतर रेशीम टरफलावरून ओढून न घेता पाकळीसारखं उलगडा. ओलं अंडं कापडावर पुसू नका. जाळीवर वाळू द्या.

८. चकाकी आणि ठेवण

वाळलेलं अंडं निस्तेज दिसतं, घाबरू नका. पूर्ण कोरडं झाल्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब मऊ कापडावर घेऊन फिरवा, रंग लगेच खुलतो. पोकळ अंडी भोक खाली करून दोन दिवस वाळवा आणि मग पारदर्शक व्हर्निशचा पातळ हात द्या.

भरलेली अंडी नाशिकच्या एप्रिलमध्ये बाहेर टिकत नाहीत. दुपारी पारा चाळिशीकडे जातो. रविवारी टोपलीत मांडा, एरवी फ्रिजमध्ये वेगळ्या, चिठ्ठी लावलेल्या डब्यात ठेवा म्हणजे कुणी चुकून खाणार नाही. आठवड्याने टाकून द्या. उन्हाच्या खिडकीत कोणतंच अंडं ठेवू नका, रंग उडतो.

बिघडलं तर

अंडं कोरंच निघालं : कापड रेशीम नव्हतं, छापा पिगमेंटचा होता किंवा उलटी बाजू आत गेली. याच क्रमाने तपासा.

रंग आला, नक्षी नाही : सैल बांधलं, किंवा नक्षी विणलेली होती.

एकाच फुलाच्या दोन सावल्या : उकळताना कापड सरकलं. वरचा सुती थर ढिला.

पांढऱ्या रेघा : चुण्या किंवा घडी. रेघा पोटावर असतील तर कापड सरळ कापलेलं होतं.

हात फिरवल्यावर रंग भुकटीसारखा निघतो : व्हिनेगर जास्त झालं किंवा फार वेळ उकळलं.

कापडाबाहेर पांढरा पुंजका : अंड्याला तडा जाऊन आतलं बाहेर आलं. अंडं थंड होतं किंवा आच मोठी होती.

तेच कापड दुसऱ्यांदा

चांगलं गडद रेशीम दुसऱ्या खेपेलाही रंग देतं, थोडा फिकट. कधीकधी हीच खेप जास्त छान दिसते, कारण गर्द रंगाखाली दडलेली बारीक नक्षी मोकळी होते. कापड सोडल्यावर पिळू नका, सावलीत वाळवा आणि पुन्हा ओलं करून वापरताना चुण्यांची जागा बदला. पहिल्या खेपेला चुणीत दडलेल्या भागात रंग तसाच शिल्लक असतो. तो मधोमध आणा. तिसऱ्या खेपेला बहुतेक कापडं दमतात. तेव्हा पुन्हा एकदा टरफलाचा तुकडा बांधून पाहा आणि मगच अख्खं अंडं पणाला लावा.